स्पॅनिश पात्राचं टोपणनाव नकली वाटतं? दोष कुठे असतो आणि तो कसा काढायचा

कथेत, नाटकात किंवा खेळात स्पॅनिश बोलणारं पात्र आणलं की ही अडचण हमखास येते. टोपणनाव आपल्या कानाला झकास वाटतं, पण स्पॅनिश जाणणारा वाचक तिथेच अडखळतो आणि म्हणतो, "असं तिकडे कुणी कुणाला म्हणत नाही." मग नाव बदललं जातं. नवं नावही तसंच निघतं.

दोष बहुतेक वेळा नावात नसतो, क्रमात असतो. टोपणनाव आधी निवडलेलं असतं आणि माणूस मागाहून बसवलेला असतो. मराठीत सदाशिवचा सदू होतो, दत्तात्रेयचा दत्तू होतो. विनायकला कुणी दत्तू म्हणू लागलं तर आपण लगेच विचारू, का बरं? स्पॅनिशमध्येही हीच अपेक्षा असते, आणि तिथले नियम आपल्यापेक्षा जास्त घट्ट आहेत. म्हणून आधी कागदावर चार गोष्टी लिहा: पात्राचं नोंदणीतलं पूर्ण नाव, देश आणि शक्यतो प्रांत, जन्मसाल, आणि हाक मारणारा कोण. या चार गोष्टी पक्क्या झाल्या की टोपणनाव जवळजवळ आपोआप हाती येतं.

एक सूचना आधीच. खाली 'नाच्यो', 'पान्च्यो' असं लिहिलं आहे ते मुद्दाम. कारण देवनागरीच्या भागात येईल.

आधी हे ओळखा: नावातून निघालेलं की माणसातून निघालेलं?

स्पॅनिशमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्हींना टोपणनावच म्हणतो. होसेचा पेपे होतो, ते नावातून निघालेलं रूप. त्याला तिकडचे व्याकरणकार 'इपोकोरिस्तिको' म्हणतात. बारीक माणसाला 'एल फ्लाको' म्हणतात, ते माणसातून निघालेलं. त्याला 'आपोदो' म्हणतात, स्पेनच्या खेड्यात 'मोते'. पहिल्याच्या आधी साधारणपणे एल किंवा ला (इंग्रजी 'द'सारखे शब्द, एल पुल्लिंगी, ला स्त्रीलिंगी) लागत नाही, दुसऱ्याच्या आधी लागतं. 'एल पेपे' असं निवेदनात लिहिलं की पहिली ठेच लागते. चिलेत आणि स्पेनच्या काही भागांत बोलताना लोक 'ला लोली' म्हणतात हे खरं आहे, पण ते त्या पात्राच्या तोंडी शोभतं, निवेदकाच्या नाही.

लक्षण: पूर्ण नाव एक, टोपणनाव भलत्याच नावाचं

स्पॅनिश लघुरूपं मनमानी दिसतात, पण त्यामागे लहान मुलाची जीभ आहे. मूल नावातला जोर असलेला तुकडा पकडतं, दोन अक्षरांत बसवतं आणि अवघड उच्चार सोपे करतं. 'स'चा 'च' होतो, 'फ'चा 'प' होतो, मधला 'र' गळतो. इग्नासियोमध्ये जोर 'ना'वर, म्हणून नाच्यो. कोन्सुएलोची चेलो, रोसारियोची च्यारो, बिसेन्तेचा चेन्ते, आल्फोन्सोचा पोन्च्यो, रोबेर्तोचा बेतो, गुस्ताबोचा ताबो, फेर्नान्दोचा नान्दो. ही रीत एकदा कानात बसली की बनावट रूप लगेच खटकतं. रोबेर्तोचा 'रोबो' का होत नाही, हे सांगावं लागत नाही.

दुसरी रीत सोपी आणि तुलनेने नवी: नावाचा सुरुवातीचा तुकडा घ्यायचा. राफाएलचा राफा, सान्तियागोचा सान्ती, निकोलासचा नीको, तेरेसाची तेरे. स्पेनमध्ये शेवटी 'ई' लावायची हौस मोठी आहे: पिलारची पिली, दोलोरेसची लोली.

जोडनावांची रूपं तर यादी करून भिंतीवर लावावीत अशी आहेत, कारण ती अंदाजाने जमत नाहीत. होसे मारियाचा चेमा, होसे लुईसचा होसेलू, होसे रामोनचा होसेर्रा, हुआन कार्लोसचा हुआन्का, हुआन होसेचा हुआन्हो, हुआन मानुएलचा हुआन्मा, लुईस मिगेलचा लुईस्मी. बायकांत मारिया इसाबेलची मारिबेल, मारिया लुईसाची मारिसा, मारिया तेरेसाची माइते. माइतेचा बास्क भाषेत 'प्रिय' असाही अर्थ होतो. तिकडे ते सुटं नाव म्हणूनही ठेवतात.

इथे मराठी लेखक एका ठिकाणी हटकून फसतो. शेवटी 'ओ' म्हणजे पुरुष, 'आ' म्हणजे बाई, असं धरून चालतो. स्पेनमधली चेलो आणि च्यारो या बायका आहेत, कारण कोन्सुएलो म्हणजे सांत्वन आणि रोसारियो म्हणजे जपमाळ, दोन्ही कुमारी मारियेच्या उपाध्या. चेमा, राफा आणि हुआन्मा हे पुरुष आहेत. आर्जेन्टिनात मात्र चेलो हा बहुधा मार्सेलो नावाचा पुरुष असतो. म्हणजे नाव एकच, आणि देश बदलला की लिंगही बदलतं.

एक टोपणनाव अनेक नावांचं असू शकतं. बेतो हा रोबेर्तो, आल्बेर्तो, उम्बेर्तो यांपैकी कुणीही. तितो तर शेवटच्या तुकड्यातून येतो: न्यूयॉर्कचे संगीतकार तितो पुएन्ते यांचं नाव एर्नेस्तो, घरी एर्नेस्तितो, त्याचा तितो. त्यामुळे कथेत एकदा तरी पूर्ण नाव यायला हवं, नाहीतर वाचक स्वतःच्या मनाने एखादं लावून घेतो.

पेपेबद्दल एक लोककथा सगळीकडे सांगतात: संत जोसेफ हा येशूचा मानीव पिता, लॅटिनमध्ये 'पातेर पुतातिबुस', त्याची आद्याक्षरं प-प, म्हणून पेपे. ही व्युत्पत्ती खरी नाही. होसेचं जुनं रूप 'होसेपे' होतं, त्यातल्या 'पे'ची द्विरुक्ती झाली. आजोबा नातवाला ही गोष्ट सांगतोय असा प्रसंग मात्र बेलाशक लिहा, तिकडचे आजोबा ती सांगतातच.

लक्षण: नाव बरोबर, देश चुकला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबायला हवं. एकच फ्रान्सिस्को घ्या आणि नकाशावर फिरवा. स्पेनमध्ये तो पाको, तरुण असेल तर फ्रान. आन्दालुसियात, विशेषतः सेव्हिलकडे, कुर्रो. १९९२ च्या सेव्हिल जागतिक प्रदर्शनाच्या शुभंकर पक्ष्याचं नाव कुर्रोच होतं, आणि ते त्या मातीतलंच होतं. बास्क प्रदेशात पाची. कातालोनियात मूळ नावच फ्रान्सेस्क, त्याचा सेस्क किंवा कीको. मायोर्का बेटावर शिस्को. मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागात पान्च्यो. कोलंबियात पाच्यो. आता विचार करा, बोगोतामधल्या फ्रान्सिस्कोला त्याचे मित्र 'कुर्रो' म्हणू लागले तर तिथल्या वाचकाला कसं वाटेल? सातारच्या शेतकऱ्याला गावात कुणी 'बाबूमोशाय' म्हणावं तसं. आणखी एक खाच: आर्जेन्टिनात पान्च्यो म्हणजे पावात घातलेला सॉसेजही. त्यामुळे पान्च्यो नावाचं पात्र रस्त्यावरच्या गाडीपुढे उभं केलंत तर शब्दखेळ होणारच. तो हवा असेल तर ठेवा, नसेल तर पात्राला दुसरीकडे उभं करा.

बाकीची नावं थोडक्यात. एदुआर्दो मेक्सिकोत लालो, स्पेनमध्ये एदू. गियेर्मो मेक्सिकोत मेमो, स्पेन-आर्जेन्टिनात गिये. हेसूस मेक्सिकोत च्युय, स्पेनच्या गालिसिया प्रांतात सूसो. आन्तोनियो स्पेनमध्ये तोनी, मेक्सिकोत तोन्यो. सेर्हियो मेक्सिकोत चेको. फॉर्म्युला वन पाहणाऱ्यांना चेको पेरेस ठाऊक आहेच. लुईसचा लूच्यो पेरू, चिले, कोलंबियाकडचा. इसाबेल स्पेनमध्ये इसा, मेक्सिकोत च्याबेला. रोसारियो स्पेनमध्ये च्यारो, मेक्सिकोत च्यायो.

रूपावरून पडलेल्या नावांत तर देश बदलला की शब्दच बदलतो. गोऱ्या किंवा सोनेरी केसांच्या माणसाला स्पेनमध्ये रुबियो, मेक्सिकोत ग्वेरो, वेनेझुएलात कातीरे, कोलंबियात मोनो, कोस्टा रिकात माच्यो, ग्वातेमालात कान्चे, एल साल्वादोर-होंडुरास-निकाराग्वात चेले, पनामात फूलो, चिलेत रूस्यो. यातला मोनो इतरत्र माकड असतो आणि स्पेनमध्ये 'गोड दिसणारा' असतो. म्हणजे कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये 'एल मोनो' हे साधं नाव आहे. माद्रिदमध्ये तसं म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. मेक्सिकोचा 'ग्वेरो' घेऊन कोलंबियाची कथा लिहू नका, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मे आक्षेप गळून पडतील.

याच खात्यात अश्लील अर्थ येतात. कोन्सेप्सियोनची कोन्च्या हे स्पेनमधलं जुनं, घरंदाज नाव आहे. आर्जेन्टिना, उरुग्वे, चिले, पेरू या देशांत तोच शब्द स्त्रीच्या गुप्तांगासाठीची शिवी आहे. कोन्च्या आजी माद्रिदहून ब्वेनोस आयरेसला आल्या तर शेजारी त्यांना कोन्चिता किंवा कोन्ची म्हणण्याचा प्रयत्न करतील, आणि हा प्रसंग तुमच्या कथेत फुकट मिळालेला खरा तपशील आहे. पोर्तो रिकोत 'बीच्यो' आणि चिलेत 'पीको' हे शब्दही पुरुषांबाबत असेच आहेत. आपल्याकडे रस्त्यावर धावलेली मित्सुबिशीची 'पजेरो' स्पॅनिश देशांत 'मोन्तेरो' या नावाने विकली जायची, कारण 'पाहेरो' तिकडे शिवी आहे. एवढी मोठी कंपनी जिथे नाव बदलते तिथे आपणही एकदा कोश उघडावा. स्पॅनिश अकादम्यांच्या संघटनेचा 'अमेरिकानिस्मोस' कोश २०१० मध्ये निघाला, तो इंटरनेटवर मोफत आहे, आणि प्रत्येक अर्थापुढे देशाची खूण आहे. टोपणनाव पक्कं करण्याआधी ते तिथे शोधणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

लक्षण: सगळं जुळतं, पण वय जुळत नाही

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, म्हणजे १९३९ ते १९७५ मध्ये, जन्मलेल्या स्पॅनिश मुलींच्या नावापुढे मारिया लावण्याची रीत फार मोठी होती: मारिया देल कार्मेन, मारिया दोलोरेस, मारिया देल पिलार. मग हाक असायची अशी: 'मारी कार्मेन', 'मारी लोली', 'मारी पिली'. आज साठी-सत्तरीत असलेल्या बाईला हे नाव चपखल बसतं, २००५ मध्ये जन्मलेल्या मुलीला नाही. उलट लोला आता पुन्हा चलनात आलं आहे आणि थेट नोंदणीतच लोला लिहितात. म्हणून लोला आजीही असते आणि शाळकरी मुलगीही, फक्त आजीच्या कागदावर दोलोरेस आहे आणि मुलीच्या कागदावर लोला.

त्याच काळात कातालान, बास्क, गालिसियन नावं सरकारी नोंदीत चालत नसत. १९७७ च्या कायद्याने ती वाट मोकळी झाली. म्हणून १९५० मध्ये बास्क प्रदेशातल्या बिल्बाओत जन्मलेला माणूस कागदावर इग्नासियो आणि घरी इन्याकी असू शकतो. १९८५ मध्ये जन्मलेला थेट इन्याकीच असतो. पोलीस चौकीत कोणतं नाव पुकारलं जातं आणि जेवणाच्या टेबलावर कोणतं, एवढ्या फरकाने त्या पात्राचा सगळा काळ उभा राहतो. टोपणनावाकडून याहून जास्त काम क्वचितच करून घेता येतं.

लक्षण: 'इतो' लावलं की झालं, असं वाटणं

'इतो' सरसकट चिकटत नाही. शेवटी ओ किंवा आ असेल तर तो स्वर काढून: पेद्रोचा पेद्रितो, आनाची आनिता, पाकोचा पाकितो. शेवटी न किंवा र असेल तर बहुधा मध्ये 'सि' येतो: रामोनचा रामोन्सितो, कार्मेनची कार्मेन्सिता. हुआनचा मात्र हुआनितो. शेवटी ल असेल तर सरळ: मिगेलितो, आन्हेलितो. शेवटी स असेल तर तो शेवटीच राहतो: कार्लोसचा कार्लितोस, लुकासचा लुकितास. 'कार्लोसितो' लिहिलंत की पकडले गेलात.

प्रत्ययही प्रांतानुसार बदलतो. आस्तुरियासमध्ये 'ईन', गालिसियात 'इन्यो', आरागोन आणि मुर्सियात 'इको'. कोस्टा रिकात 'त'नंतर 'इको' लावण्याची खोड इतकी की तिथल्या लोकांनाच सगळे 'तीको' म्हणतात.

लक्षण: 'एल लोबो', 'एल दियाब्लो', 'एल तिग्रे'

लांडगा, सैतान, वाघ. नकली टोपणनावांची ही नेहमीची फौज. खरी आपोदो नावं छोट्या, घरगुती गोष्टींतून येतात: खाद्यपदार्थ, बापाचा धंदा, शरीराचा एखादा विशेष, गाव, लहानपणी घडलेली एक फजिती. मेक्सिकोचे फुटबॉलपटू हाविएर एर्नान्देस यांच्या वडिलांना हिरव्या डोळ्यांमुळे 'चीच्यारो' म्हणजे मटार म्हणत, म्हणून मुलगा 'चिच्यारितो', छोटा मटार. फ्लामेन्को गायक होसे मोन्हे कादिसजवळच्या सान फेर्नान्दोचे. गोरी कातडी, पिंगट केस, म्हणून काकांनी नाव ठेवलं 'कामारोन', कोळंबी. कोळंबी हे जगातलं सगळ्यात धाकदायक नाव नव्हे, पण ज्याला स्पॅनिश येतं त्याला त्यात लगेच समुद्रकाठचं घर दिसतं.

चिच्यारितोसारखी वारशाने आलेली टोपणनावं लिहायला फार उपयोगी. आर्जेन्टिनाचे फुटबॉलपटू वेरोन पितापुत्र घ्या: बाप 'ला ब्रूहा' म्हणजे चेटकीण, मुलगा 'ला ब्रुहिता'. तिथलाच फुटबॉलपटू आरिएल ओर्तेगा: बाप 'बुर्रो' म्हणजे गाढव, मुलगा 'बुर्रितो'. स्पेनच्या खेड्यात मोते सगळ्या घराला लागतं. अनोळखी पोराला तिकडे म्हातारे विचारतात, "इ तू दे क्येन एरेस?" म्हणजे आपल्याकडचं "तू कुणाचा रे?" उत्तरात आडनाव चालत नाही, घराचं मोते सांगावं लागतं.

वरच्या उदाहरणात चेटकीण पुरुषाला लागली आणि 'ला' तसंच राहिलं, हे पाहिलंत ना? एल की ला हे शब्दाच्या लिंगावर ठरतं, माणसाच्या नाही. मेस्सी 'ला पुल्गा', पिसू. विशेषणातून आलेलं नाव मात्र माणसाप्रमाणे बदलतं: तो एल फ्लाको, ती ला फ्लाका. समोरासमोर हाक मारताना एल-ला गळून पडतं. "फ्लाको, इकडे ये!" बरोबर, "एल फ्लाको, इकडे ये!" चूक. ही चूक मराठी संवादांत फार दिसते आणि सुधारायला सगळ्यात सोपी आहे.

गावावरून पडलेलं नाव त्या गावात चालत नाही. पुण्याच्या खोलीवर "ए कोल्हापूर!" अशी हाक पडते, कोल्हापुरात नाही. तसंच 'एल गायेगो' गालिसियाबाहेरच. ब्वेनोस आयरेसमध्ये तर कुठल्याही स्पेनच्या माणसाला गायेगो म्हणतात, इटालियनाला 'तानो', आणि सिरिया-लेबनॉनकडच्या घराण्याला 'तुर्को', कारण त्यांचे पूर्वज ऑटोमन तुर्कस्तानचे कागद घेऊन उतरले होते. एर्नेस्तो गेवाराला 'चे' हे नाव क्यूबन साथीदारांत पडलं, कारण तो वाक्यावाक्याला आर्जेन्टिनी 'चे' (आपल्या 'अरे'सारखं) म्हणायचा. आर्जेन्टिनात ते नाव पडलंच नसतं, तिथे सगळेच चे म्हणतात.

गोर्दो (जाडा), नेग्रा (काळी), बिएहो (म्हातारा) या हाका आर्जेन्टिना-उरुग्वेत नवराबायको आणि जिवलग मित्र सर्रास वापरतात. गायिका मेर्सेदेस सोसा लाखो लोकांची 'ला नेग्रा' होती. पण तोच शब्द साहेबाने किंवा परक्याने वापरला तर अपमान होतो. मराठीत 'जाड्या', 'काळे' असं भाषांतर केलं की माया उडून जाते आणि बोचरेपणा उरतो. म्हणून मूळ शब्द ठेवा, आणि पहिल्याच प्रसंगात कुणाच्या तोंडी, कोणत्या सुरात तो आला हे दाखवा.

लक्षण: पोर्तुगीज किंवा इटालियन भेसळ

गोवा जवळ असल्याने ही चूक आपल्याकडे विशेष होते. झे, तोनिन्यो, शेवटी 'इन्यो' असलेली बहुतेक रूपं पोर्तुगीज आहेत. 'इन्यो' फक्त गालिसियातल्या पात्राला द्या. होसेचा उच्चार 'जोझे' किंवा 'जुझे' केला की तो लिस्बनला गेला. बेप्पे, जीजी हे इटलीचे. गोव्याचा खरा स्पॅनिश धागा एकच मोठा आहे: १५४२ मध्ये गोव्याला आलेले संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये आजच्या स्पेनमधल्या नवारा प्रांतात, हाविएरच्या किल्ल्यात जन्मले. झेवियर हे मुळात गावाचं नाव, बास्कमध्ये 'नवं घर'. त्या संतामुळे फ्रान्सिस्को हाविएर हे जोडनाव स्पेनमध्ये उदंड झालं. गोव्यातला शावियेर आणि माद्रिदचा हाविएर ऊर्फ हाबी एकाच घराचे, पण दोघांची लघुरूपं अदलाबदल करू नका.

लक्षण: देवनागरीत लिहिलं आणि नाव बिघडलं

स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. 'टिटो', 'डिएगो' ही इंग्रजीची सवय. तितो, दिएगो लिहा. स्पेलिंगमधला h मुका असतो (होसेतला ह हा j चा उच्चार), म्हणून Hugo चा 'उगो'. स नेहमी कठोर, झ कधीच नाही. स्पेनच्या बहुतेक भागात काही स थ-सारखे होतात, गोन्थालो. अमेरिका खंडात गोन्सालोच.

खरी पंचाईत च ची. मराठीत च दोन: चमच्यातला दंत्य आणि चिंचेतला तालव्य. स्पॅनिश च नेहमी तालव्य. 'नाचो' लिहिलं की मराठी वाचक दंत्य च वाचतो, आणि अर्थही 'नाचू दे' असा लागतो. म्हणून नाच्यो, लूच्यो, पाच्यो. चे आणि ची आधीच तालव्य, त्यांना हात लावू नका. चित्रपटगृहात मिळणारे 'नाचोज' हेही मुळात इग्नासियो आनाया या मेक्सिकोतल्या माणसाचं टोपणनाव, १९४० च्या दशकात प्येद्रास नेग्रास इथलं.

मग मराठी शब्दांशी टक्कर तपासा. 'मेमो आला' म्हणजे गियेर्मो आला की कचेरीचा कागद? 'हावी' लिहिलं तर 'हावी झाला' आठवतं. ब आणि व तिथे एकच उच्चार असल्याने 'हाबी' लिहिता येतं. सूसोला लहान मुलं हसतील. सगळ्यात मोठा घोटाळा 'दोन पेपे' या आदरार्थी संबोधनाचा: वाचक दोन माणसं शोधतो. 'डॉन' लिहिलं तर गुंड आठवतो. 'दॉन पेपे' हा त्यातल्या त्यात बरा तोडगा. आणि हे दॉन, बाईसाठी दोन्या, नेहमी पहिल्या नावाला किंवा टोपणनावाला लागतं, सुट्या आडनावाला नाही. 'दॉन गार्सिया' चूक, 'सेन्योर गार्सिया' बरोबर.

सगळं एका पात्रावर लावून पाहा

नाव मारिया दोलोरेस. जन्म १९४८, आन्दालुसियातल्या हाएन प्रांतात, ऊबेदाजवळच्या जैतुनाच्या खेड्यात. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर दशकानुसार आणि प्रांतानुसार नावाचं प्रमाण पाहता येतं. तिथे दोलोरेस टाकून काळ जुळतो का ते आधी पाहून घ्या. बाप लोहार, लोहार म्हणजे एर्रेरो, म्हणून घराला 'लोस एर्रेरोस' आणि तिला 'ला एर्रेरा'. आई मारी लोली म्हणते. चिडली की पूर्ण, "मारिया दोलोरेस!" अठराव्या वर्षी, त्या काळच्या हजारो आन्दालुसियनांसारखी, ती बार्सेलोनाला कापडगिरणीत जाते. तिथे मैत्रिणींची ती 'ला आन्दालुसा', जे तिला गावी कुणीच म्हटलं नसतं. घरमालकीण तिच्या पाठीमागे 'च्यार्नेगा' म्हणते, कातालोनियात दक्षिणेकडून आलेल्यांसाठीचा तो हिणवण्याचा शब्द. नवऱ्याची ती लोला. चाळिशीनंतर इमारतीत सेन्योरा लोला. नातवंडं बार्सेलोनाची, ती आजीला तिकडच्या रीतीने 'याया' म्हणतात.

या नावांपैकी कुठलं कुठे वापरायचं हे आता बोलणारा ठरवेल. गिरणीच्या प्रसंगात 'ला एर्रेरा' आलं तर ते फक्त गावाकडून आलेल्या पत्रात किंवा गावच्या माणसाच्या तोंडी. ती वारल्यावर मात्र ते परत येतं: गावात लागणाऱ्या मृत्यूच्या सूचनेवर पूर्ण नाव आणि दोन आडनावांखाली 'ला एर्रेरा' छापलेलं असतं, कारण मारिया दोलोरेस कोण ते पन्नास वर्षांनंतर गावात कुणाला आठवणार नाही, लोहाराची पोर आठवेल.